दूरस्थ यंत्रसामग्रीचा सामायिक वापर

दूरस्थ यंत्रसामग्रीचा सामायिक वापर म्हणजे एका ठिकाणी बसवलेले संगणक, सर्किट बोर्ड किंवा चाचणी उपकरणे अनेक सॉफ्टवेअर अभियंत्यांनी जाळ्यामार्फत पाळीपाळीने वापरण्याची पद्धत होय. उपकरण महाग असते, त्याचे मोजकेच नमुने उपलब्ध असतात किंवा अभियंता उपकरणापासून दूर राहत असतो, अशा वेळी ही पद्धत अवलंबली जाते.

पार्श्वभूमी

भारतातील सामायिक संगणनाच्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. तेथे १९६० मध्ये टिफ्रॅक हा स्वदेशी संगणक कार्यान्वित झाला आणि १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसवण्यात आला. देशभरातील संशोधक आपले काम छिद्रपत्रांवर नोंदवून या संगणकावर चालवून घेत. पुढे पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. २०१३ मध्ये सुरू झालेला परम युवा २ आणि पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्म (२०१९) यांवर वापरकर्त्यांना दुरून प्रवेश देण्यात आला. त्यांची कामे रांगेत लावली जातात व संसाधने मोकळी होताच क्रमाने चालवली जातात.

कार्यपद्धती

महासंगणकावर एकाच वेळी अनेकांची कामे चालू शकतात. सर्किट बोर्डावर मात्र एका वेळी एकच प्रणाली चढवता येते. दोघांनी एकाच वेळी प्रयत्न केल्यास दोघांच्याही चाचण्या निरर्थक ठरतात. म्हणून आरक्षण हा या व्यवस्थेचा पाया असतो. लॅबग्रिड या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अभियंता बोर्ड आपल्या नावे ताब्यात घेतो व काम संपल्यावर सोडतो. लावा या प्रणालीत चाचण्या रांगेत दिल्या जातात आणि त्या माणसाच्या उपस्थितीविना पार पडतात.

बोर्ड बिघडल्यास तो बंद करून पुन्हा चालू करण्यासाठी जवळ कोणी नसते. त्यामुळे पुढील सोयी आवश्यक ठरतात:

* दुरून चालू-बंद करता येणारा वीजपुरवठा;
* सुरुवातीपासूनचे संदेश दाखवणारा सिरियल कन्सोल;
* जाळ्यावरून प्रणाली चढवण्याची सोय किंवा मेमरी कार्ड बोर्ड व संगणक यांच्यात आलटून-पालटून जोडणारे उपकरण;
* बोर्ड सोडताना तो मूळ स्थितीत आणण्याची पद्धत.

ग्रामीण भागातील उपयोग

बीड जिल्ह्यातील अनेक तरुण शिक्षण व नोकरीसाठी पुण्यास जातात; बीड ते पुणे हे अंतर रस्त्याने २०० किलोमीटरांहून अधिक आहे. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर अनेक अभियंते गावी परतले, तेव्हा ज्यांचे काम कार्यालयातील उपकरणांवर अवलंबून होते त्यांच्यासाठी दूरस्थ प्रवेश हाच पर्याय उरला.

अक्षररूप कन्सोलला अत्यल्प बँडविड्थ पुरते, त्यामुळे मोबाइल जोडणीवरही काम करता येते. गावात वीज गेली किंवा जोडणी तुटली, तरी टीमक्स अथवा स्क्रीन यांसारख्या साधनांमुळे दूरच्या संगणकावरील सत्र चालूच राहते आणि पुन्हा जोडले असता काम जेथे थांबले तेथून सुरू होते. मात्र जोडणी तुटलेल्या व्यक्तीच्या नावे बोर्ड अडकून राहू नये, यासाठी आरक्षणाला कालमर्यादा घालतात.

शिक्षणक्षेत्रात केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज प्रकल्पात आयआयटी मुंबई व पुण्याचे सीओईपी या संस्था सहभागी आहेत. त्यातील बहुतेक प्रयोग आभासी असले, तरी काहींत विद्यार्थी दूरच्या प्रत्यक्ष उपकरणास आज्ञा देतात. लहान गावातील महाविद्यालयास प्रत्येक उपकरण विकत घेणे शक्य नसल्यामुळे अशा सोयीचे महत्त्व अधिक आहे.

मर्यादा

तुटलेली तार बदलणे किंवा तापलेला भाग तपासणे ही कामे दुरून करता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत किमान एक जाणकार लागतो. उपकरणे थेट इंटरनेटवर उघडी ठेवणे धोकादायक असल्यामुळे प्रवेश व्हीपीएन व एसएसएच किल्ल्यांद्वारे दिला जातो. कोणी, केव्हा, कोणता बोर्ड वापरला याची नोंद ठेवल्यास बिघाडाचे कारण शोधणे सोपे होते आणि वापरकर्त्यांमधील वाद टळतात.

हे सुद्धा पहा

* महासंगणक
* प्रगत संगणन विकास केंद्र
* टिफ्रॅक