हेड स्टड किती आवळायचे? रेंचवरच्या आकड्याआधी वंगण बघा

मागच्या आठवड्यात एका मित्राने व्हॉट्सॲपवर रील पाठवली. उघडलेलं इंजिन, चकचकीत नवे हेड स्टड आणि स्क्रीनवर मोठ्ठा आकडा: २१०. खाली त्याचा प्रश्न, "रेंचवर एवढं सेट केलं की झालं ना?"

नाही रे बाबा! २१० काय? फूट-पाउंड की न्यूटन-मीटर? आणि कोणतं वंगण लावून?

हा आकडा फोर्डच्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिनाचा आहे. अमेरिकेत २००३ ते २००७ च्या सुपर ड्यूटी पिकअपमध्ये ते यायचं. दर सिलेंडरभोवती चारच बोल्ट. आतला दाब वाढला की हेड किंचित उचललं जायचं आणि गॅसकेट जायचं. म्हणून अनेक मालक मूळ बोल्ट काढून एआरपी कंपनीचे स्टड बसवतात. त्यांचा आकडा २१० फूट-पाउंड, म्हणजे साधारण २८५ न्यूटन-मीटर, तोही एआरपीचंच 'अल्ट्रा-टॉर्क' वंगण लावून. रेंच चुकून २१० न्यूटन-मीटरवर ठेवला तर जोर थेट पाव हिस्सा कमी!

आता खरी गंमत. मित्रांनो, आपल्याला टॉर्क नकोच असतो. आपल्याला हवा असतो ताण. स्टड स्प्रिंगसारखा थोडा ताणला जातो आणि तोच हेडला ब्लॉकवर दाबून धरतो. पण तुमच्या हाताच्या जोरातला साधारण ९० टक्के भाग नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच जातो. ताणाच्या वाट्याला येतात उरलेले दहाएक टक्के. त्यामुळे घर्षण जरा बदललं की ताण भलताच बदलतो.

हिशोब करून बघू. १२ मिलिमीटरचा स्टड, टॉर्क १०० न्यूटन-मीटर. सूत्र सोपं आहे: टॉर्क भागिले (घर्षणाचा गुणांक गुणिले व्यास). कोरड्या आट्यांसाठी गुणांक ०.२० धरला तर दाब येतो सुमारे ४.२ टन. चांगल्या वंगणाने तो ०.१२ झाला तर सुमारे ७ टन! रेंच मात्र दोन्ही वेळा तसाच 'टक्' वाजतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, टेस्ट पास झाली पण आउटपुट चुकलं. कोरडं आवळलं तर गॅसकेट गळेल, कोरड्याचा आकडा वंगणावर वापरला तर स्टड किंवा ब्लॉकचे आटे जातील.

मूळ कंपनीची 'इतका टॉर्क, मग ९० अंश फिरवा' ही पद्धतही इथे चालत नाही. ती त्यांच्या बोल्टसाठी असते, आणि असे बरेच बोल्ट मुद्दाम कायमचे ताणले जातील इतके आवळतात. स्टडचं पोलाद वेगळं, आट्यांचं अंतरही वेगळं.

बसवताना आधी ब्लॉकमधली भोकं साफ करा. आटे कापणारा टॅप नको, फक्त साफ करणारा वापरा. भोकाच्या तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर स्टड आत जाताना त्याला पळायला जागा नसते आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. भोक कूलंटच्या वाटेत उघडत असेल तर आट्यांना सीलंट लागतं. स्टड हातानेच बसवायचा, पाना लावून घट्ट करायचा नाही. वंगण नटाच्या आट्यांना, नटाच्या बुडाला आणि वॉशरच्या वरच्या बाजूला. वॉशरखाली नको.

मग मधल्या नटांपासून बाहेरच्या दिशेने, इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळा. शेवटचा टप्पा एका सलग ओढीत. मध्येच थांबलात तर थांबलेल्या नटाचं घर्षण जास्त असतं, आणि नट हलायच्या आतच रेंच 'टक्' करून मोकळा होतो.

मित्राला मी उलट एवढंच विचारलं, "स्टडच्या डब्यातला कागद कुठंय?" उत्तर आलं, "फेकला वाटतं."