नांदेडपर्यंत आलेला बहादूरशहा

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकणाऱ्यांना बहादूरशहा माहीत हवाच! औरंगजेबाचा हा मुलगा, शहजादा मुअज्जम. गोवळकोंड्याशी संधान बांधल्याच्या संशयावरून बापानं 1687 मध्ये त्याला कैदेत टाकलं. कित्येक महिने केस-नखं कापायलाही बंदी होती म्हणतात. तख्त मिळालं ते 1707 मध्ये, वयाची साठी उलटल्यावर. धाकट्या भावावर, कामबक्षावर, चालून तो दक्षिणेत निघाला, तेव्हा गुरू गोविंदसिंगजीही त्याच्या लष्कराबरोबर नांदेडपर्यंत आले. गुरुजींनी आपल्या शिष्याला, बंदासिंगांना, इथूनच पंजाबात धाडलं आणि ऑक्टोबर 1708 मध्ये इथेच देह ठेवला. पुढे कामबक्ष हैदराबादजवळ पडला खरा, पण 1710 मध्ये बंदासिंगांनी सरहिंद घेतलं आणि बादशहाला उत्तरेकडे धावावं लागलं. फेब्रुवारी 1712 मध्ये लाहोरला तो वारला. राज्य जेमतेम पाच वर्षांचं. दिल्लीला गेलात तर मेहरौलीत, बख्तियार काकींच्या दर्ग्याशेजारी, त्याची कबर जरूर पाहा.