पंचनाम्यात न बसणारं नुकसान

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबई-पालघरच्या किनाऱ्यालगत समुद्रातून वर सरकलं आणि त्याच रात्री गुजरातेत दीव-उन्याच्या बाजूला जमिनीवर चढलं. मुंबईत वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. पालघर जिल्ह्यात घरांवरचे पत्रे उडाले, झाडं मोडली. त्यातून कोरोनाची दुसरी लाट चालूच!

मैत्रिणींनो, ती तारीख जरा पुन्हा पाहा. मे महिना म्हणजे आपले बेगमीचे दिवस. आपले पापड-कुरडया उन्हात, तर तारापूरच्या किनारपट्टीवर कोळणीचे बोंबील वाळत घातलेले. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. मग चूल पेटते ती या सुक्याच्या जिवावर. ते भिजलं की गेलं. भिंत पडली तर तलाठी पंचनामा करतो, पण भिजलेल्या सुक्याच्या टोपलीला रकाना कुठला? आणि घर भाड्याचं असेल तर कागद दुसऱ्याच्याच नावावर!

अशा वेळी चर्चची एक जुनी रीत मला फार शहाणपणाची वाटते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन एक मंडळ काढलं. तीच पुढे 'सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी' झाली. रांग लावून वाटप करण्यापेक्षा दोघांनी मिळून गरजवंताच्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, हा तिचा नेम. जात-धर्म विचारायचा नाही, हाही. घरात पाऊल टाकलं की रिकामा डबा आपोआप दिसतो. बाईला हात पसरावा लागत नाही. मोठ्या आपत्तीत १९६२ साली स्थापन झालेली 'कॅरितास इंडिया' ही कॅथलिक संस्था धर्मप्रांतांमार्फत काम करते. पालघरचा भाग १९९८ साली झालेल्या वसई धर्मप्रांतात येतो.

तरी एक धोका राहतोच. रविवारी मिस्साला दिसणारी बाई यादीत आधी येणार, दूरच्या पाड्यावरची मागे पडणार. हे कुणी मुद्दाम करत नाही, ओळखीचं तसंच असतं. म्हणून तुमच्याकडे भांडी घासायला येणारीचं छप्पर उडालं असेल, तर चर्चमध्ये जाऊन तिचं नाव सांगा. तुम्ही ख्रिस्ती असण्याची गरज नाही, तिनंही नाही.

आणि द्यायचंच तर विटक्या साड्यांचं गाठोडं नको, बाई! झाकणाचं पातेलं द्या, काडेपेट्या द्या, महिन्याच्या अडचणीसाठी लागणारं सामान द्या. ते मागायला कुणी धजत नाही. ताडपत्री दिलीत तर सोबत दोरीचं बंडल ठेवा. नुसती ताडपत्री पहिल्याच वाऱ्याला उडून जाते.