रोहित पक्षी : धरणाच्या काठचा पाहुणा



दिवाळी सरली, गव्हाणीत मोळी पडली, की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याची वाट धरतात. त्याच सुमारास मराठवाड्यात आणखी एक पाहुणा उतरतो. त्याला ना उचल लागते, ना कोयता. हा पाहुणा म्हणजे रोहित पक्षी. फ्लेमिंगो हे त्याचे इंग्रजी नाव आता सर्वांच्या कानावर आहे. मराठीत अग्निपंख असेही एक नाव आहे. या पानावर आपण एरवी बेणेप्रक्रिया, पाचट, ठिबक यांवर बोलतो. मग पक्षी मध्येच कुठून आला, असे कुणी म्हणेल. पण या पक्ष्याचे सारे पोट धरणाच्या कडेच्या वीत-दोन वीत पाण्यावर चालते, आणि त्याच कडेला आपणही मोटारी टाकून बसलेलो आहोत. तेव्हा त्याची माहिती आपल्याला असलेली बरी.

मराठवाड्यात याचे मोठे ठिकाण म्हणजे पैठणचा नाथसागर. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. पाण्याचा फुगवटा पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगाव अशा तालुक्यांत साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो. पण जमीन सपाट असल्यामुळे तो बशीसारखा उथळ आहे. इंजिनियर लोकांना ही गोष्ट डोकेदुखीची, कारण उन्हाने पाणी फार उडते. पक्ष्यांना मात्र तीच सोयीची. १९८६ साली या जलाशयाला पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर करण्यात आले. तिकडे उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळही हे पक्षी उतरतात. म्हणजे बघा, आपण धरणे बांधली ती शेतीसाठी, पण त्यातून या पक्ष्यालाही नवी कुरणे मिळाली.

नांदेडच्या विष्णुपुरीचे पाणी मुख्यत: गोदावरीच्या पात्रातच, दोन काठांमध्ये अडवलेले आहे. तिथे अशी पसरट कड थोडीच. मांजरा, निम्न तेरणा यांचे पाणी ओसरू लागले म्हणजे चिखलाचे पट्टे उघडे पडतात. अशा ठिकाणी एखादा थवा उतरलाच, तर ओळखता यावा म्हणून खुणा सांगतो.

मोठा रोहित मान वर करून उभा राहिला तर चार-साडेचार फूट, नर कधी पाच फूटही भरतो. एवढी उंची, पण वजन दोन ते चार किलो. सगळा कारभार पायांचा आणि मानेचा! अंग पांढरे, त्यावर गुलाबी झाक. चोच गुलाबी, टोकाला काळी आणि मध्येच खाली मोडल्यासारखी वाकलेली. बसलेला पक्षी लांबून पांढराच दिसतो. उडाला की पंखांतला लालभडक रंग आणि काळी किनार दिसते. अग्निपंख हे नाव त्यावरूनच. उडताना मान पुढे आणि पाय मागे ताठ, जणू काठीच उडत चालली आहे. दुसरा लहान रोहित तीन फुटांच्या आतबाहेर, रंगाने गडद, चोच काळपट लाल. त्याला खारे पाणी हवे, म्हणून तो ठाण्याच्या खाडीत जास्त दिसतो. आपल्याकडचे लोक पुष्कळदा चित्रबलाकालाच रोहित समजतात. चित्रबलाकाच्या शेपटीकडे गुलाबी रंग असतो हे खरे, पण त्याची चोच पिवळी आणि लांब असते. चोच बघितली की घोटाळा होत नाही.

आता या वाकड्या चोचीचे काम ऐकण्यासारखे आहे. हा पक्षी खाताना डोके उलटे करून पाण्यात घालतो, म्हणजे वरची चोच खाली येते. जाड, मांसल जीभ पंपाच्या दट्ट्यासारखी सेकंदाला चार-पाच वेळा मागेपुढे होते. जीभ मागे गेली की गढूळ पाणी आत, पुढे आली की बाहेर. चोचीच्या कडांना बारीक दातऱ्यांची गाळणी असते. आपल्याकडे मिलमधून निघालेला रस गाळणीवर जातो, बगॅसचा बारीक चोथा वर राहतो आणि रस खाली उतरतो. रोहितचे याच्या उलट : पाणी सोडून द्यायचे आणि वर राहिलेले खायचे. त्यात चिखलातल्या अळ्या, बारीक गोगलगायी, शिंपले, पाणकिडे, पाणवनस्पतींचे बी असे सगळे असते. शिवाय पायांनी चिखल तुडवत तो जागच्या जागी गोल फिरतो, म्हणजे तळातले जीव वर येतात.

हा आपले मासे संपवतो का, हरभरा खातो का, असे मला सभासद विचारतात. मोठे मासे त्याच्या गाळणीत मावत नाहीत, आणि कोरड्या रानात तो चरत नाही. फ्रान्समध्ये कामार्ग म्हणून भाग आहे, तिथे मात्र तो भाताच्या खाचरात उतरून रोपे तुडवतो आणि तिथले शेतकरी त्याच्यावर चिडून असतात. आपल्याकडे धरणकाठी ज्वारी-हरभरा, त्याची काळजी नको.

गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या जातीची द्रव्ये शेवाळात आणि ते खाणाऱ्या जिवांत असतात, ती पिसांत उतरतात. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते, आठवत असेल. तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता, आणि त्यांच्यातही याच जातीचे रंगद्रव्य असते. रोहितचे पिल्लू जन्मते तेव्हा करडे असते. पुरता रंग चढायला दोन ते चार वर्षे लागतात.

एका पायावर तो का उभा राहतो, हेही लोक विचारतात. त्याचा जो मागे वाकणारा गुडघा दिसतो, तो खरे तर घोटा आहे. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले, की एका पायावर उभे राहताना त्याचे सांधे आपोआप असे बसतात की स्नायूंना जोर जवळजवळ लावावाच लागत नाही. मेलेला पक्षीसुद्धा तसा उभा राहू शकला. म्हणजे तो तप करत नसतो, विश्रांती घेत असतो.

हा पक्षी आपल्याकडे पोट भरतो, पण घर इथे मांडत नाही. त्याचे मोठे घर गुजरातेत, कच्छच्या रणात. पावसाळ्यात रणात पाणी साचते, मध्ये चिखलाची बेटे राहतात, तिथे हजारोंनी घरटी होतात. त्या जागेला फ्लेमिंगो सिटी असेच नाव पडले आहे. डॉ. सालिम अली यांनी १९४५ साली तिथली वसाहत पाहून तिच्याविषयी लिहिले. जोडी जमण्याआधी शेकडो पक्षी एकत्र माना इकडून तिकडे वळवत, पंख उघडत-मिटत कवायतीसारखे चालतात. मग नर-मादी मिळून चोचीने चिखल ओढून फूटभर उंचीचे घरटे करतात. गुळाच्या ढेपेसारखे, वर खोलगट. त्यात अंडे एकच. दोघेही आळीपाळीने ते उबवतात, साधारण महिनाभरात पिल्लू बाहेर येते. त्याची चोच तेव्हा सरळ असते, म्हणून त्याला गाळून खाता येत नाही. आई आणि बाप दोघेही आपल्या घशातून लाल रंगाचे दुधासारखे द्रव्य त्याला पाजतात. या काळात आईबापांचा स्वत:चा रंगही फिका पडतो. आठवडा-दहा दिवसांनी पिल्लू घरट्याबाहेर पडून इतर पिल्लांत मिसळते. शेकडो पिल्ले एका जागी आणि सांभाळायला मोजकी मोठी माणसे, आपली साखरशाळाच! एवढ्या गलक्यात आईबाप आपले पिल्लू आवाजावरून ओळखतात. अडीच महिन्यांत ते उडू लागते. पुढे वाचले तर तीस-चाळीस वर्षे जगते. ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या प्राणिसंग्रहालयातील एक रोहित २०१४ साली वारला, तेव्हा त्याचे वय किमान ८३ असल्याचे सांगतात.

यात खरी मेख अशी, की पाऊस कमी झाला तर रणातली बेटे कोरडी राहतात, कोल्हे-कुत्री चालत येतात. जादा झाला तर घरटी बुडतात. मग ते वर्ष पिल्लांशिवाय जाते. वर्षाला एकच अंडे देणाऱ्या पक्ष्याला असे वर्ष फार महाग पडते. तेव्हा जाण्यापूर्वी अंगात पुरेशी पुष्टी असावी लागते, आणि ती त्याला नाथसागर-उजनीसारख्या ठिकाणीच मिळवायची असते. प्रवास बहुधा रात्रीचा, एका रात्रीत शेकडो किलोमीटर. वाटेत विजेच्या तारा आहेत. २० मे २०२४ रोजी तर मुंबईत घाटकोपरवर एका विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले.

आता आपल्या कडेचे. पाणी हळूहळू ओसरले, तर रोज थोडी नवी उथळ पट्टी उघडी पडते आणि पक्ष्याला उन्हाळ्यापर्यंत चारा पुरतो. सगळ्यांनी मिळून जानेवारी-फेब्रुवारीतच पाणी ओढून घेतले तर तो उपाशी उठतो. आणि आपणही काही सुखात राहत नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्या वेळी उसाला बोल लागला होता, तो पुरता खोटा नव्हता हे ऊस विकासाचे काम करणाऱ्या माणसाने म्हणायला हरकत नाही.

गाळपेर बंद करा असे मी सांगणार नाही. ज्यांच्या बापजाद्यांची जमीन धरणात गेली, त्यांनी दोन पोती हरभरा काढला तर बिघडले कुठे? फक्त ट्रॅक्टर थेट पाण्याच्या रेघेला नेऊ नका. काठाचा पन्नास-साठ पावले चिखल तसाच ठेवा, तिथे पेरलेले तसेही सडते. तणनाशकाचा पंप आणि डबे कालव्यात किंवा धरणात धुऊ नका. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, तीही चार हप्त्यांत. त्यावर ओतलेला युरिया पाण्याबरोबर खाली जातो; पैसा आपला आणि शेवाळ धरणात. थव्यावर कुत्री सोडणे, दगड मारणे, फोटोसाठी होडी घुसवणे हे तर नकोच. एकदा उठलेला थवा पुन्हा बसेपर्यंत त्याची सकाळ फुकट जाते. शिकारीचे नावच नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

एखाद्या पक्ष्याच्या पायात अक्षरे-आकडे असलेली कडी, किंवा पाठीवर लहानसे यंत्र दिसले तर घाबरू नका. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ साली खाडीतल्या काही रोहितांच्या पाठीवर अशी यंत्रे बसवली, त्यावरून ते गुजरातेत कुठे जातात ते कळले. जिवंत पक्षी धरू नका. कडीवरचा नंबर दिसला तर लांबूनच तो, तारीख आणि जागा टिपून घ्या आणि वनविभागाला कळवा. गट ऑफिसात आमच्या कर्मचाऱ्याकडे चिठ्ठी दिली तरी चालेल, आम्ही पुढे पाठवू.

— ऊस विकास अधिकारी