‘पांच’ : प्रदर्शनाविना गाजलेला थरारपट

अनुराग कश्यप यांचा पहिला चित्रपट कोणता, असे विचारल्यास बहुतेक प्रेक्षक ‘ब्लॅक फ्रायडे’चे नाव घेतील. वस्तुतः त्याआधी त्यांनी ‘पांच’ हा थरारपट पूर्ण केला होता. दोन दशके उलटली तरी तो चित्रपटगृहांपर्यंत पोहोचलाच नाही.

या चित्रपटाचे बीज पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडात आहे. १९७६-७७ मध्ये अभिनव कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी दहा जणांचे बळी घेतले. त्यातील चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. कश्यप यांनी या प्रकरणाचा केवळ धागा उचलून कथानक मुंबईत आणले. रॉक बँडमधील पाच मित्र पैशासाठी एका श्रीमंत मित्राच्या अपहरणाचा बनाव रचतात आणि तो बनाव खुनापर्यंत जातो. येथे पोलिसांपेक्षा भीती वाटते ती ल्यूकची. बाकीचे त्याच्या दहशतीपुढे कसे नमत जातात, हे के. के. मेनन यांनी विलक्षण ताकदीने उभे केले आहे.

२००१ मध्ये सेन्सॉर मंडळाने हिंसा, अमली पदार्थ आणि शिवराळ भाषेवर आक्षेप घेतला. ते एक वेळ समजण्यासारखे होते. चित्रपटात एकही सकारात्मक व्यक्तिरेखा नाही, संदेश नाही, हा आक्षेप मात्र अजब म्हणावा लागेल. साधी वाटणारी मुले कशी घसरत जातात, हाच ज्या कथेचा विषय, तिच्यात सज्जन पात्र आणायचे कोठून?

पुढे काटछाट होऊन संमती मिळाली. पण तोवर निर्मात्याच्या आर्थिक अडचणी आड आल्या. त्यामुळे सारा दोष मंडळाच्या माथी मारणे योग्य नव्हे. तथापि उसन्या पैशांवर उभ्या राहिलेल्या छोट्या चित्रपटाला विलंब हीच मोठी कात्री असते, व्याज काही प्रमाणपत्रासाठी थांबत नाही. परीक्षण समितीचा निर्णय अमान्य असल्यास पुनरीक्षण समिती आणि त्यानंतर अपील न्यायाधिकरण, अशी त्या काळची व्यवस्था होती. हे न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाल्याने निर्मात्याला आता थेट उच्च न्यायालय गाठावे लागते.

‘पांच’ परदेशातील महोत्सवात दाखवला गेला. अंधेरी-वर्सोव्याच्या चित्रपट वर्तुळात आणि बाहेरही तो पाहिला गेला, पण बहुतेकांनी तो पाहिला चोरट्या प्रतींवर, संगणकाच्या छोट्या पडद्यावर.