मोटार-दुरुस्ती संकेतस्थळे आणि ग्राहकाची व्यक्तिगत माहिती : वाहन क्रमांकाच्या अनुषंगाने एक विवेचन

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी हे तालुक्याचे ठिकाण नागपूर-तुळजापूर महामार्गावर वसलेले आहे. महामार्गावरील अशा गावांत गाडी दुरुस्तीला देण्याचा व्यवहार आजवर मुख्यतः तोंडी होत आला. मिस्त्री गाडी ओळखतो, गाडीचा मालक ओळखतो आणि वहीत नाव, गाडीचा क्रमांक व बाकी रक्कम एवढेच लिहून ठेवतो. या वहीतील मजकूर दुकानाबाहेर जाण्याची शक्यता फारच थोडी असते आणि गेलाच तर तो कोणाकडून गेला हे गावात लपून राहत नाही.

मागील काही वर्षांत या व्यवहाराचा एक भाग संकेतस्थळांवर गेला आहे. वाहन-उत्पादक कंपन्यांची सर्व्हिसिंगची वेळ ठरविणारी संकेतस्थळे, अनेक शहरांतील गॅरेज एकत्र जोडणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आणि स्वतंत्र गॅरेजचालकांची छोटी पाने असे त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. या संकेतस्थळांवर ग्राहकाकडून जी माहिती घेतली जाते तिचे पुढे काय होते, कायदा त्याविषयी काय म्हणतो आणि कोठे मौन पाळतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. बँक किंवा रुग्णालय यांच्या संदर्भात माहितीच्या गोपनीयतेची चर्चा वारंवार होते. गॅरेजच्या संदर्भात ती क्वचितच होते. वस्तुतः सामान्य ग्राहक कोणताही विचार न करता ज्या ठिकाणी माहिती देतो, ते ठिकाण अभ्यासासाठी अधिक महत्त्वाचे मानले पाहिजे.

न विचारता मिळणारी माहिती

संकेतस्थळाचे पान उघडताच, ग्राहकाने एक अक्षरही टंकलिखित करण्यापूर्वी, काही नोंदी आपोआप होतात. संगणकाचा किंवा मोबाइलचा आयपी पत्ता, ब्राउझरचा प्रकार, भेटीची वेळ, पाहिलेली पाने आणि कोणत्या दुव्यावरून ग्राहक तेथे आला, या गोष्टी सर्व्हरच्या नोंदवहीत उतरतात. संकेतस्थळ चालविण्यासाठी आणि हल्ले ओळखण्यासाठी त्या लागतात. त्यामुळे त्यांना सरसकट आक्षेपार्ह म्हणता येत नाही.

कुकीचे स्वरूप थोडे निराळे आहे. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी ही युक्ती योजली, ती ग्राहकाने खरेदीसाठी निवडलेल्या वस्तू पान बदलले तरी लक्षात राहाव्यात म्हणून. कुकी म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली एक छोटी चिठ्ठी होय. ती संकेतस्थळाची स्वतःची असेल तर तिचा उपयोग त्या संकेतस्थळापुरता राहतो. परंतु पानावर जाहिरात कंपनीचा किंवा विश्लेषण सेवेचा तुकडा जोडलेला असेल, तर ब्रेकच्या दुरुस्तीचा दर पाहणाऱ्या ग्राहकाची नोंद त्या त्रयस्थ कंपनीकडेही पोहोचू शकते. दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या पानावर टायरची किंवा वाहन विम्याची जाहिरात दिसते, त्यामागे पुष्कळदा हीच यंत्रणा असते.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो आणि त्यावरून कळणारे ठिकाण पुष्कळदा जवळच्या मोठ्या शहराचे निघते. आर्णीतील ग्राहक त्यामुळे संकेतस्थळाला नागपूर किंवा मुंबईचा वाटू शकतो. यंत्रणेला जे कळत नाही ते अर्जातील पिनकोडचा रकाना भरून काढतो, आणि तो रकाना ग्राहक स्वतःच्या हाताने भरतो.

वाहन क्रमांकाचे वेगळेपण

अर्जात साधारणतः नाव, मोबाइल क्रमांक, पत्ता, गाडीचे मॉडेल, वाहन क्रमांक आणि बिघाडाचे वर्णन मागितले जाते. यांतील सर्वांत निरुपद्रवी वाटणारी बाब म्हणजे वाहन क्रमांक. तो गाडीच्या पुढे-मागे सर्वांना दिसेल असाच रंगविलेला असतो. मग त्याची गोपनीयता ती कसली, असा प्रश्न स्वाभाविक आहे.

परंतु रस्त्यावर दिसणारा क्रमांक आणि मोबाइल क्रमांकाशेजारी नोंदलेला क्रमांक यांत मोठा फरक आहे. एमएच २९ ही अक्षरे व अंक वाहन यवतमाळच्या परिवहन कार्यालयात नोंदले असल्याचे सांगतात. पुढील क्रमांकाच्या आधारे केंद्र शासनाच्या ‘वाहन’ या नोंदप्रणालीतून गाडीची नोंदणीची तारीख, इंधनाचा प्रकार, विम्याची व योग्यता प्रमाणपत्राची मुदत यांसारखे तपशील पाहता येतात. तेथे मालकाचे नाव अंशतः झाकलेले असते. अर्जात मात्र ग्राहकाने आपले पूर्ण नाव आणि मोबाइल क्रमांक लिहिलेला असतो. दोन्ही नोंदी एकत्र केल्या की झाकलेली अक्षरे आपोआप उघडी पडतात, आणि अमुक मोबाइलधारकाच्या गाडीचा विमा अमुक तारखेला संपतो, हे व्यापारी मोल असलेले ज्ञान तयार होते. अशा जुळणीत वाहन क्रमांक किल्लीचे काम करतो.

ही शंका काल्पनिक नाही, हे शासनाच्याच एका धोरणावरून दिसून येते. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने मार्च २०१९ मध्ये वाहन नोंदणी व वाहनचालक परवान्यांची माहिती ठोक स्वरूपात देण्याचे धोरण जाहीर केले. व्यापारी संस्थांसाठी २०१९-२० या वर्षाचे शुल्क ३ कोटी रुपये, तर संशयातीत शैक्षणिक उपयोगासाठी शिक्षणसंस्थांना ५ लाख रुपये असे ठरले होते. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार ८७ खासगी कंपन्या आणि ३२ शासकीय संस्थांना या माहितीपर्यंत पोहोच देण्यात आली होती व त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले होते. इतर स्रोतांशी जुळवणी करून व्यक्ती ओळखली जाण्याचा धोका त्या धोरणपत्रातच मान्य केलेला होता. गैरवापराच्या शक्यतेमुळे जून २०२० मध्ये ते धोरण रद्द झाले. धोरण मागे घेता येते; एकदा बाहेर गेलेली माहिती परत आणणे त्याहून पुष्कळच कठीण असते.

माहितीचा पुढील प्रवास

वहीतील नोंद आणि संकेतस्थळावरील नोंद यांतील मूलभूत भेद या प्रवासात आहे. मध्यस्थ कंपनीच्या संकेतस्थळावर वेळ ठरविली, तर ग्राहकाचे नाव व क्रमांक कंपनीकडे, तेथून प्रत्यक्ष काम करणाऱ्या गॅरेजकडे, गाडी नेणाऱ्या चालकाकडे, संदेश पाठविणाऱ्या कंपनीकडे आणि रक्कम स्वीकारणाऱ्या सेवेकडे जातो. यांपैकी प्रत्येकाला त्यातील थोडी माहिती लागतेच. पत्त्याशिवाय गाडी नेणार कोण? मात्र चालकाच्या मोबाइलमध्ये राहिलेला ग्राहकाचा क्रमांक काम संपल्यावर कोण पुसतो, याचे उत्तर गोपनीयता धोरणात शोधूनही पुष्कळदा सापडत नाही. ‘आमचे व्यावसायिक भागीदार’ या दोन-तीन शब्दांत विमा विक्रेत्यापासून जाहिरात संस्थेपर्यंत कोणाचाही समावेश होऊ शकतो, म्हणून ते शब्द विशेष लक्षपूर्वक वाचावेत.

ब्राउझरमधील कुलपाच्या चिन्हाविषयीही गैरसमज आढळतो. ते चिन्ह माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही एवढेच सांगते. पोहोचल्यानंतर तिचा उपयोग कसा होईल याची ते हमी देत नाही.

ग्रामीण भागात आणखी एक गुंतागुंत संभवते. अर्ज पुष्कळदा गाडीचा मालक स्वतः भरत नाही. घरातील शिकणारा मुलगा किंवा मुलगी भरते, अथवा इंटरनेट कॅफेच्या संगणकावरून तो भरला जातो. दुसऱ्या प्रसंगी नाव व क्रमांक त्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये साठून राहू शकतात आणि पुढच्या ग्राहकाने पहिले अक्षर टंकताच समोर येऊ शकतात. या अवस्थेत संमती नेमकी कोणी दिली, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही सोपा नाही.

कायद्याची स्थिती

न्या. के. एस. पुट्टस्वामी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. त्यापूर्वीची व्यवस्था माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३अ आणि २०११ चे नियम यांवर उभी होती. या कलमातील ‘निगमित संस्था’ या संज्ञेत एकल मालकीचा व्यवसायही येतो. म्हणजेच संगणकावर ग्राहकांची नोंद ठेवणारा एकटा गॅरेजचालक तत्त्वतः तिच्या कक्षेत येतो. परंतु नुकसानभरपाईचा हक्क केवळ ‘संवेदनशील’ माहितीपुरता मर्यादित आहे. २०११ च्या नियमांतील त्या यादीत पासवर्ड, बँक खाते व कार्डाचा तपशील, आरोग्यविषयक माहिती, जैवमितीय माहिती इत्यादींचा समावेश आहे. नाव, मोबाइल क्रमांक आणि वाहन क्रमांक यांचा त्यात उल्लेख नाही. ज्या माहितीवर मोटार-दुरुस्तीचे संपूर्ण संकेतस्थळ चालते, नेमकी तीच अशा प्रकारे भरपाईच्या बाहेर राहिली.

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. या अधिनियमाने संवेदनशील व सामान्य असा भेद ठेवलेला नाही; ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती सर्व माहिती त्याच्या कक्षेत येते. कागदावर घेतलेली आणि नंतर संगणकात भरलेली माहितीही त्यात समाविष्ट आहे. मिस्त्रीची वही वही आहे तोवर कायद्याबाहेर. तिचीच पाने संगणकावर उतरली की कायद्याच्या आत. वहीचा मोबाइलने काढलेला फोटो कोठे बसेल, हा अभ्यासकांनी विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

ग्राहकाने दुरुस्तीसाठी स्वेच्छेने दिलेला क्रमांक त्या दुरुस्तीसाठी वापरण्यास हा कायदा वेगळी संमती मागत नाही. गाडी तयार झाल्याचा दूरध्वनी यात सहज बसतो. तोच क्रमांक विमा विक्रेत्यास देणे हा मात्र दुसरा हेतू ठरतो आणि त्यासाठी स्वतंत्र, स्पष्ट व कृतीतून दिलेली संमती आवश्यक आहे. संमती देणे जितके सुलभ असेल तितकेच ती काढून घेणे सुलभ असावे, असेही बंधन आहे. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकास द्यावा लागेल. आर्णीसारख्या ठिकाणी ही तरतूद सर्वाधिक मोलाची ठरावी. न समजलेल्या भाषेतील मजकुराखाली दिलेली संमती ही संमती कशी म्हणावी? अर्थात इंग्रजी मसुद्याचे यांत्रिक भाषांतर केले, तर मराठी सूचनाही तितकीच दुर्बोध राहील.

तथापि या तरतुदी लगेच लागू झालेल्या नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि सूचना, संमती, माहिती पुसणे यांविषयीची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अंमलात येतील असे ठरले. सर्व्हरवरील नोंदी किमान एक वर्ष जपून ठेवाव्यात असेही हे नियम सांगतात. म्हणजे ‘तत्काळ पुसून टाका’ ही मागणी नव्या व्यवस्थेतही पूर्णपणे मान्य होणारी नाही. दरम्यानच्या काळात अवांछित व्यापारी दूरध्वनींविरुद्ध ग्राहकाच्या हाती असलेला व्यवहार्य मार्ग म्हणजे १९०९ या क्रमांकावर नोंदणी व तक्रार करणे.

भरपाईचा प्रश्न

नव्या अधिनियमात सुरक्षिततेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा वृत्तपत्रांतून ठळकपणे आला. परंतु दंडाची रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्या ग्राहकास त्यातून काही मिळत नाही. शिवाय कलम ४३अ वगळण्याची तरतूदही याच अधिनियमात आहे. जुन्या व्यवस्थेत भरपाई होती, पण वाहन क्रमांक तिच्या बाहेर होता; नव्या व्यवस्थेत वाहन क्रमांक आत आला, पण भरपाई गेली. ग्राहकाने प्रथम संबंधित संस्थेकडे तक्रार करावयाची, तिच्या निराकरणासाठी नियमांनी कमाल ९० दिवस दिले आहेत, आणि त्यानंतर डेटा संरक्षण मंडळाकडे जावयाचे, असा क्रम आहे. सर्व्हिसिंगसाठी हजार-दोन हजार रुपये देणारा ग्राहक, स्वतःला काहीही मिळणार नसताना, एवढी पायपीट करील अशी अपेक्षा ठेवणे कठीण आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ग्राहकाने विश्वासाने दिलेली व्यक्तिगत माहिती इतरांस उघड करणे हा अनुचित व्यापारी प्रथेचा एक प्रकार मानला आहे. त्या आधारे जिल्हा ग्राहक आयोगाकडे, म्हणजे आर्णीच्या रहिवाशाला यवतमाळ येथेच, दाद मागता येऊ शकते. गोपनीयतेच्या चर्चेत या मार्गाचा उल्लेख फारसा होत नाही.