घनवाद : पाहण्याची एक नवी रीत

आधुनिक चित्रांच्या प्रदर्शनातून बाहेर पडताना पुष्कळ रसिकांच्या मनात एक शंका असते : चित्रकाराने आपली फसवणूक तर केली नाही ना? नाक एका बाजूने, डोळा समोरून आणि टेबल वरून पाहिल्यासारखे. याला चित्र का म्हणावे? शंका प्रामाणिक आहे, आणि घनवादाची ओळख तिच्यापासूनच करून घेणे बरे.

समोरचा पाण्याचा पेला पाहा. त्याचे तोंड वर्तुळाकार आहे हे आपण जाणतो. पण जरा दूर बसून पाहिले तर ते लंबगोल दिसते. युरोपात प्रबोधनकाळापासून चित्रकार एका जागी उभे राहून दिसेल तेवढेच रंगवीत आले. यथादर्शनाचा हा नियम पॉल सेझानने सैल केला. १९०७ साली पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचे मरणोत्तर प्रदर्शन भरले. त्याच वर्षी पाब्लो पिकासोने ‘आव्हीन्यॉच्या तरुणी’ हे चित्र रंगविले. पुढल्याच वर्षी जॉर्ज ब्राकने लेस्ताक गावातील घरांची चित्रे काढली. ती पाहून लुई व्होसेल या समीक्षकाने ‘नुसते घन’ असा शेरा मारला. चेष्टेतून आलेले ते नाव पुढे या पंथाला चिकटले.

परंतु घन हा या कलेचा खरा विषय नव्हे. वस्तूभोवती फिरून मनात साठलेली तिची अनेक रूपे एकाच पटावर मांडावीत, ही तिची आकांक्षा. १९१० ते १९१२ या काळात व्हायोलिन, बाटली, माणूस यांचे करड्या-तपकिरी रंगांत इतके पृथक्करण झाले की मूळ वस्तूच हरवू लागली. हा धोका दोघांनीही ओळखला असावा. १९१२ साली पिकासोने वेताच्या विणीचे छापील मेणकापड चित्रात चिकटविले. ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला कागद वापरला. वास्तव पुन्हा चित्रात शिरले, ते असे. १९१४ साली महायुद्ध पेटले, ब्राक सैन्यात गेला आणि ही जोडी फुटली.

आपल्याकडे गगनेंद्रनाथ टागोरांनी १९२० नंतरच्या दशकात ही रीत स्वीकारली, ती मात्र छायाप्रकाशाचे गूढ उभे करण्यासाठी.

तेव्हा फसवणूक कोणती? एका जागेवरून दिसणारे तेच संपूर्ण सत्य, असे मानणे ही अधिक मोठी फसवणूक नव्हे काय? घनवादी चित्र आवडलेच पाहिजे असे नाही. पण त्याच्यापुढे क्षणभर अधिक थांबावे, एवढे मागण्याचा त्याला अधिकार आहे.